त्या खडकावर हवा आहे का?

(भंडारा येथे झालेल्या स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या खोडद गावाजवळ पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची एक रेडिओ दुर्बीण आहे. ऑक्टोबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२ या काळात ती नऊ वेळा एकाच ताऱ्याकडे वळवली गेली. ऐकणारे शास्त्रज्ञ मुख्यतः युरोपातले होते, दुर्बीण आपली होती. नऊही वेळा तिला काही ऐकू आलं नाही. सलग येणारा मंद आवाज नाही, आणि मध्येच उसळून विरणारा कडकडाटही नाही. या ऐकू न येण्यावर २०२४ साली युरोपातल्या एका प्रतिष्ठित खगोलशास्त्रीय नियतकालिकात सविस्तर शोधनिबंध छापून आला. आज मी बोलणार आहे ते त्या नऊ निरीक्षणांविषयी, आणि ज्या लहानशा खडकाळ ग्रहासाठी ती घेतली गेली त्याच्याविषयी.

ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना प्रथम वंदन करतो. आणखी एका माणसाचं स्मरण केल्याशिवाय मराठीत या विषयावर बोलू नये असं मला वाटतं. २० मे २०२५ रोजी डॉ. जयंत नारळीकर गेले. विश्वाविषयी मराठीत बोलताना सोपं करायचं म्हणून खोटं करायचं नाही, ही शिस्त त्यांनी आपल्याला घालून दिली. तिचं पालन करण्याचा मी आज प्रयत्न करणार आहे.

तो ग्रह आकाशात कुठे आहे, हे आधी सांगतो. धानाच्या पट्ट्यातल्या माणसाला नक्षत्रांची नावं शिकवावी लागत नाहीत. मृगात पऱ्हे टाकायचे, पुढे रोवणी, मग उत्तरा आणि हस्ताच्या पाण्याकडे डोळे लावून बसायचं, आणि चित्रा-स्वातीत हलका धान कापणीला येतो. पण ही ओळख पंचांगातली. सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते नक्षत्र त्या दिवसांत आकाशात दिसत नाही, सूर्याच्या उजेडात बुडालेलं असतं. ते बघायचं तर सहा महिने थांबावं लागतं. चैत्र-वैशाखात रात्री दहाच्या सुमारास अंगणात उभे राहा. डोक्याच्या थोडं दक्षिणेला पांढरीशुभ्र चित्रा, ईशान्येकडच्या बाजूला केशरी छटेची स्वाती, आणि डोक्यावरून पश्चिमेला झुकलेला उत्तरा फाल्गुनीचा तारा. या तिघांचा एक मोठा त्रिकोण होतो. त्रिकोणाच्या आत, कन्या राशीच्या हद्दीत, ग्लीझ ४८६ नावाचा तारा आहे. तो भंडाऱ्याच्या जवळपास माथ्यावरून जातो, तरी डोळ्यांना दिसत नाही. नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात, हा अकराव्या प्रतीच्याही पलीकडचा आहे.

त्याचं अंतर सव्वीस प्रकाशवर्षं. किलोमीटरमध्ये सुमारे अडीच कोटी कोटी. आज आपल्यापर्यंत पोहोचणारा त्याचा उजेड साधारण १९९९ साली निघाला, म्हणजे भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच सुमारास. आपली आकाशगंगा एक लाख प्रकाशवर्षं रुंद आहे. त्या हिशेबात सव्वीस प्रकाशवर्षं म्हणजे शेजारच झाला.

हा तारा लाल बटू आहे. वस्तुमान आणि व्यास दोन्ही सूर्याच्या एक तृतीयांश, आणि उजेड मात्र सूर्याच्या शंभरात जेमतेम सव्वा भाग. आकाशगंगेतल्या दर चार ताऱ्यांपैकी सुमारे तीन तारे याच जातीचे आहेत. तरीही त्यातला एकही डोळ्यांनी दिसत नाही. म्हणजे रात्री आपण जे आकाश बघतो ती ताऱ्यांची खरी शिरगणती नव्हेच, ती फक्त मोठ्यांची आणि झगझगीतांची यादी आहे. लाल बटू आपलं इंधन फार काटकसरीनं जाळतात. सूर्याचं एकूण आयुष्य सुमारे हजार कोटी वर्षांचं, यांचं त्याच्या कित्येक पट. विश्व जन्मल्यापासून आजवर एकही लाल बटू म्हातारा होऊन विझलेला नाही, कारण विश्वाचं वयच तेवढं झालेलं नाही.

ग्रह शोधायला हे तारे फार सोयीचे आहेत आणि त्याचं कारण त्यांचा लहानपणाच. मार्च २०२१ मध्ये ट्रिफोनोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात ग्लीझ ४८६ भोवतीचा ग्रह जाहीर केला. नासाच्या टेस या अंतराळ दुर्बिणीला दिसलं होतं की दर पस्तीस तासांनी या ताऱ्याचा उजेड हजारात सव्वा भागानं कमी होतो. काहीतरी त्याच्या समोरून जात होतं. दुसरीकडे स्पेनमधल्या कालार आल्तो वेधशाळेतलं कार्मेनेस हे उपकरण ताऱ्याच्या प्रकाशाची चिरफाड करत होतं. तारा आपल्याकडे आणि आपल्यापासून दूर असा डुलत होता, सेकंदाला जेमतेम साडेतीन मीटर वेगानं. सव्वीस प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याची ताशी बारा किलोमीटरची हालचाल मोजता येते, या एका गोष्टीवर मी हवा तेवढा वेळ बोलू शकेन. तुलनेसाठी सांगतो, पृथ्वीमुळे सूर्य डुलतो तो सेकंदाला नऊ सेंटिमीटरनं, आणि पृथ्वी सूर्यासमोरून गेली तर उजेड कमी होतो लाखात आठ भागांनी. आपल्यासारखा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्याभोवती शोधणं अजून का जमत नाही, आणि लाल बटूंभोवती का जमतं, ते एवढ्या आकड्यांवरून कळावं.

उजेड किती कमी झाला त्यावरून ग्रहाचा आकार कळतो, डुलण्यावरून वस्तुमान. या ग्रहाची त्रिज्या पृथ्वीच्या १.३ पट आणि वस्तुमान जवळजवळ तिप्पट. भागाकार केला की घनता मिळते आणि ती सांगते की हा वायूचा गोळा नाही, आत लोखंडाचा गाभा असलेला खडकाचा गोळा आहे. तिथलं वर्ष पस्तीस तासांचं. ताऱ्यापासूनचं अंतर फक्त पंचवीस लाख किलोमीटर, तर आपण सूर्यापासून पंधरा कोटी किलोमीटरवर आहोत. इतक्या जवळच्या ग्रहाची एक बाजू कायम ताऱ्याकडे राहते, चंद्राची आपल्याकडे राहते तशी. एका बाजूला न संपणारा दिवस, दुसऱ्या बाजूला न संपणारी रात्र. पृथ्वीला सूर्याकडून मिळते त्याच्या चाळीसपट ऊर्जा त्या दिवसाच्या बाजूवर सतत ओतली जाते.

आता एक महत्त्वाची गोष्ट. असा ग्रह सापडला की वर्तमानपत्रांचा पहिला प्रश्न असतो, तिथे जीवसृष्टी आहे का. मला हा प्रश्न घाईचा वाटतो. इतकंच नाही, तो खऱ्या प्रश्नाची वाट अडवतो. खगोलशास्त्रज्ञ आज विचारत आहेत ते एवढंच, की त्या खडकावर हवा आहे का. हवा नसेल तर पाणी टिकत नाही, पाणी नसेल तर पुढचं काहीच नाही. आणि लाल बटूंच्या बाबतीत हवेचाच प्रश्न सगळ्यात अवघड आहे.

का, तर हे तारे दिसायला मंद असले तरी स्वभावानं शांत नाहीत. त्यांच्या पोटात तप्त द्रव्य सतत ढवळत असतं, त्यातून प्रबळ चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि ते क्षेत्र तुटून पुन्हा जुळताना प्रचंड उद्रेक होतात. सूर्याच्या सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा हाही लाल बटू आहे. १ मे २०१९ रोजी त्याच्यावर असा एक उद्रेक नोंदला गेला की अतिनील किरणांतली त्याची तेजस्विता काही सेकंदांत सुमारे चौदा हजार पट झाली. शिवाय लाल बटूंचं बालपण लांबतं. सूर्याच्या मानानं कितीतरी जास्त काळ ते तरुण आणि आक्रमक राहतात. त्या काळात जवळच्या ग्रहाची हवा तापून, फुगून, अवकाशात उडून जाऊ शकते. नंतर तारा कितीही निवळला तरी गेलेली हवा परत येत नाही.

प्रॉक्झिमाचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, कारण तो भंडाऱ्याहून बघायच्या आकाशाशी जोडलेला आहे. मेच्या अखेरीस रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेचं क्षितिज मोकळं असेल अशी जागा शोधा. तलावांच्या या जिल्ह्यात अशा जागांची वाण नाही. उत्तर काठच्या पाळीवर उभं राहिलं की समोर पाणी आणि त्यावर आकाश. तिथे क्षितिजापासून जेमतेम आठ अंश उंचीवर नरतुरंग समूहातला मित्र तारा दिसतो. प्रॉक्झिमा त्याचाच लांबचा सोबती, भंडाऱ्याहून सहा अंशांच्या वर कधीच येत नाही आणि दुर्बिणीशिवाय दिसत नाही. रॉबर्ट इनेस यांनी तो १९१५ साली दक्षिण आफ्रिकेतून शोधला. सव्वाचार प्रकाशवर्षांवरच्या या ताऱ्याभोवती ऑगस्ट २०१६ मध्ये पृथ्वीच्या जवळपास वजनाचा ग्रह जाहीर झाला. त्याचं वर्ष अकरा दिवसांचं आहे आणि त्याला मिळणारी ऊब पृथ्वीला मिळते त्याच्या जवळपास जाणारी आहे. मग त्याचीच चर्चा जास्त का होत नाही? होते, पण तो ग्रह आपल्या दृष्टिरेषेत ताऱ्यासमोरून जाताना आढळलेला नाही. त्यामुळे त्याची त्रिज्या माहीत नाही, आणि हवा आहे की नाही हे तपासायचा सरळ मार्गही नाही. जवळ असूनही हाताशी न लागणारा ग्रह आहे तो.

ग्लीझ ४८६ चं तसं नाही. त्याचा ग्रह ताऱ्यासमोरून जातो आणि अर्ध्या फेरीनंतर ताऱ्याच्या मागेही लपतो. दोन्ही वेळा आपल्याला काहीतरी मोजता येतं. जेम्स वेब दुर्बिणीनं ही दोन्ही मोजमापं केली, आणि त्यांची हकिगत शास्त्र कसं चालतं ते नेमकं दाखवते.

पहिलं मोजमाप २०२३ साली प्रसिद्ध झालं. ग्रह समोरून जाताना ताऱ्याचा काही उजेड ग्रहाच्या कडेवरून, म्हणजे हवा असल्यास तिच्यातून, गाळून येतो. त्या उजेडात पाण्याच्या वाफेची खूण दिसली. खडकाळ ग्रहावर पाण्याची वाफ! मथळा तयार होता. पण सारा मोरन, केविन स्टीव्हन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच निबंधात दुसरी शक्यता तितक्याच ठळकपणे मांडली. लाल बटूवर सूर्यडागांसारखे थंड डाग असतात. ते इतके थंड असतात की त्यांच्यात खुद्द ताऱ्यावर पाण्याचे रेणू टिकू शकतात. आपल्या सूर्याच्या डागांतसुद्धा १९९५ साली पाण्याच्या रेणूंची खूण सापडलेली आहे. म्हणजे दिसलेली वाफ ग्रहाची की ताऱ्याची, हे ठरवता येत नव्हतं.

दुसरं मोजमाप उष्णतेचं होतं आणि त्यामागचा विचार मला फार आवडतो. ग्रह ताऱ्याच्या मागे जाण्याआधी दोघांची मिळून उष्णता मोजायची. ग्रह लपला की एकट्या ताऱ्याची मोजायची. वजाबाकी केली की ग्रहाच्या दिवसाच्या बाजूची उष्णता हाती येते. तिथे दाट हवा असती तर वाऱ्यांनी बरीच उष्णता रात्रीच्या बाजूला वाहून नेली असती, आणि दिवसाची बाजू त्या मानानं थंड निघाली असती. मेगन मॅन्सफिल्ड आणि सहकाऱ्यांनी २०२४ साली आकडा दिला: सुमारे ५९० अंश सेल्सिअस. हवा नसलेला काळपट खडक जेवढा तापू शकेल तेवढाच. उष्णता कुठेही नेली जात नव्हती. दाट हवा नाही, हा निष्कर्ष त्यांनी शोधनिबंधाच्या शीर्षकातच दिला.

पितळेच्या या शहरात ५९० अंशांचा अर्थ सांगायला फार शब्द लागू नयेत. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. जस्त ४२० अंशांना वितळतं, म्हणजे त्या ग्रहाच्या दिवसाच्या बाजूवर जस्ताचं पाणी होईल. पितळेला वितळायला नऊशे अंशांच्या पुढे जावं लागतं, त्यामुळे भंडाऱ्याचा गुंड, म्हणजे पाण्याचं पितळी भांडं, तिथे ठेवला तर तापेल, पण आकार सोडणार नाही.

हाच निकाल इतरत्रही येत गेला आहे. २०१९ साली स्पिट्झर दुर्बिणीनं एलएचएस ३८४४ या लाल बटूच्या ग्रहावर असाच उघडा, बेसॉल्टसारखा काळा खडक दाखवला. २०१६ साली ट्रॅपिस्ट-१ या चाळीस प्रकाशवर्षांवरच्या अतिमंद ताऱ्याभोवती पहिले तीन ग्रह जाहीर झाले. त्यांचा पाठपुरावा करणाऱ्या दुर्बिणींत लडाखमधल्या हानले इथली दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण होती, आणि ‘नेचर’मधल्या त्या निबंधाच्या लेखकांत भारतीय ताराभौतिकी संस्थेचे डी. के. साहू होते. ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली गेली नाही याची मला खंत आहे. पुढच्या वर्षी ग्रहांची संख्या सातवर गेली आणि जगभर आनंद झाला. २०२३ मध्ये जेम्स वेबनं सर्वांत आतले दोन ग्रह तपासले. पहिल्यावर हवेचा मागमूस नाही, दुसऱ्यावर शुक्रासारखी दाट हवा नाही. उरलेल्या पाचांचा प्रश्न उघडा आहे.

आता खोडदकडे येतो. तिथली दुर्बीण ज्यांनी उभी केली त्या गोविंद स्वरूप यांचं ७ सप्टेंबर २०२० रोजी निधन झालं. भारतातलं त्यांचं पहिलं मोठं काम १९६५ साली कल्याणला झालं. ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या बत्तीस लहान थाळ्या जोडून त्यांनी तिथे सूर्याचा अभ्यास सुरू केला. पुढे उटीची दुर्बीण आली, आणि मग खोडद. मोठी थाळी पोलादी पत्र्यानं मढवायची तर खर्च आणि वजन दोन्ही आवाक्याबाहेर. स्वरूप यांनी पत्र्याऐवजी बारीक तारेची जाळी ताणून बसवली. ज्या रेडिओ लहरी ऐकायच्या त्या अर्धा मीटर लांबीच्या असतील तर त्यांना जाळीची भोकं जाणवत नाहीत, आणि वाऱ्याला मात्र जाळीतून वाट मिळते. तीस थाळ्यांपैकी चौदा मधल्या एका चौरस किलोमीटरमध्ये आणि बाकीच्या तीन दिशांना पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. लांब लहरींच्या पट्ट्यात ही दुर्बीण आजही जगातल्या मोजक्या समर्थ दुर्बिणींपैकी एक आहे. वर्षातून दोनदा अर्ज मागवले जातात आणि जगातला कोणीही शास्त्रज्ञ ते करू शकतो. ग्लीझ ४८६ चा अर्ज असाच आला. पेन्या-मोन्यीनो, पेरेझ-तोरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५० ते ७५० मेगाहर्ट्झचा पट्टा मागितला.

त्यांना ऐकायचं काय होतं? त्यासाठी आपल्याच सूर्यमालेतल्या गुरूकडे जावं लागतं. १९५५ साली बर्क आणि फ्रँकलिन यांना गुरूकडून रेडिओ लहरींचे कडकडाट ऐकू आले. १९६४ साली बिग यांनी दाखवलं की त्यातले बरेच कडकडाट गुरूचा चंद्र आयो ठरावीक जागी असतानाच येतात. आयो गुरूच्या चुंबकीय क्षेत्रातून फिरतो, त्या क्षेत्रात खळबळ माजवतो, ती खळबळ क्षेत्ररेषांवरून गुरूच्या ध्रुवांकडे धावते आणि तिथले इलेक्ट्रॉन रेडिओ लहरी फेकतात. आता गुरूच्या जागी लाल बटू ठेवा आणि आयोच्या जागी पस्तीस तासांत फेरी मारणारा खडक. तारा चुंबकीय आहे, ग्रह अगदी जवळ आहे, तेव्हा असाच आवाज यायला हवा. आला तर दोन गोष्टी हाती लागतील: ताऱ्याच्या वाऱ्याचा जोर, आणि कदाचित ग्रहाला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आहे का याचा सुगावा. दोन्हींचा संबंध थेट हवेशी आहे. ताऱ्यातून सुटणारा विद्युतभारित कणांचा वारा ग्रहाची हवा खरवडून नेऊ शकतो.

म्हणून नऊ सत्रं अशी आखली गेली की ग्रह आपल्या कक्षेत जवळपास प्रत्येक जागी असताना एकदा तरी कान देता यावा. आणि काही आलं नाही.

या शांततेचं काय करायचं? तिला अपयश म्हणून फाइलबंद करणं सोपं होतं. निबंधाच्या लेखकांनी ते केलं नाही, आणि मला या कामाबद्दल आदर वाटतो तो इथे. त्यांनी आवाज न येण्याची एकेक कारणं तपासली. तो आवाज निरीक्षणांच्या वेळा टाळून आला असेल, किंवा ऐकलेल्या पट्ट्याच्या खाली असेल. या दोन्ही शक्यता त्यांना कमी वाटल्या. उरल्या दोन. एक म्हणजे लहरी ठरावीक दिशेनेच झोतासारख्या निघतात आणि तो झोत आपल्यावर पडतच नाही. दुसरी म्हणजे आवाज मुळातच क्षीण आहे. दुसरी खरी असेल तर गणित सांगतं की या ताऱ्याचा वारा सूर्याच्या वाऱ्याच्या एक तृतीयांशाहून कमी वस्तुमान वाहून नेत असला पाहिजे. ऐकू काही आलं नाही, तरी वाऱ्यावर एक मर्यादा घालता आली.

उष्णतेच्या मोजमापाचा आणि या शांततेचा असे दोन्ही निकाल शेजारी ठेवले की माझ्या मनात एक विचार येतो. तो माझा आहे, निबंधाचा नाही. तारा आज खरोखर शांत असेल, त्याचा वारा मंद असेल, आणि तरीही ग्रह उघडा खडक असेल, तर हवा आज जात नाही आहे, ती फार पूर्वी गेली असावी, ताऱ्याच्या तारुण्यात. किंवा तिथे कधी टिकलीच नसेल. आजचा तारा बघून ग्रहाचं भाग्य सांगता येत नाही, त्याचा भूतकाळ बघावा लागतो.

काही न सापडण्याची किंमत ज्यांनी ओळखली नाही त्यांचंही एक उदाहरण आहे. भुजंगधारी समूहात सहा प्रकाशवर्षांवर बर्नार्डचा तारा आहे, तोही लाल बटू, तोही भंडाऱ्याच्या आकाशात चांगला उंच येतो. पीटर व्हान डे काम्प यांनी वर्षानुवर्षं त्याची छायाचित्रं घेतली आणि १९६३ साली त्याच्याभोवती ग्रह असल्याचं जाहीर केलं. पाठ्यपुस्तकांपर्यंत तो ग्रह पोहोचला. १९७३ साली दुसऱ्या वेधशाळेच्या छायाचित्रांत तसं काही आढळलं नाही, आणि व्हान डे काम्प यांना दिसलेल्या ताऱ्याच्या डुलण्याचं कारण त्यांच्याच दुर्बिणीच्या भिंगाशी केलेल्या फेरफारांत असल्याचं दिसून आलं. मग पन्नास वर्षं अनेकांनी त्या ताऱ्यावर नजर ठेवली, बहुतेकांना काही मिळालं नाही, आणि त्या न मिळण्यातूनच मोजमाप सुधारत गेलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच ताऱ्याभोवती एक खरा ग्रह जाहीर झाला आणि मार्च २०२५ मध्ये संख्या चारवर गेली. चारही पृथ्वीहून बरेच हलके आहेत.

आता भंडाऱ्याच्या जमिनीवर येऊ, कारण माझ्या मते या विषयाचा सर्वांत मोठा पुरावा इथे पायाखाली आहे. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॅंगनीजच्या खाणी आहेत, हे तुम्हांला मी सांगायला नको. डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे, तिथलं मॅंगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलमध्ये जातं. या भागातल्या मॅंगनीजयुक्त खडकाला गोंडाइट म्हणतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फर्मोर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंड लोकांवरून हे नाव दिलं आणि आज ते जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आहे. हे थर शंभर कोटी वर्षांच्या आसपासच्या, कदाचित त्याहूनही जुन्या काळातले आहेत. पुढे पृथ्वीच्या पोटात दाब आणि उष्णता सोसून त्यांचं रूप पालटलं. पण मुळात ते पाण्याच्या तळाशी साचलेले थर आहेत.

आणि मॅंगनीज पाण्याच्या तळाशी साचतं कसं? ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात ते विरघळलेलं राहतं. ऑक्सिजन भेटला की त्याचं ऑक्साइड होतं आणि ते खाली बसतं. म्हणजे डोंगरी बुजुर्गचा काळा धोंडा ही पाण्याची साक्ष आहे आणि ऑक्सिजनची साक्ष आहे. हा ऑक्सिजन सूक्ष्मजीवांनी सूर्यप्रकाशावर बनवला होता. तेव्हा जमिनीवर ना झाड होतं ना जनावर. नागपूरच्या पश्चिमेला दख्खनचा काळा बेसॉल्ट सुरू होतो. तो लाव्ह्याचा आहे, आणि असा खडक हवा-पाण्याशिवायही बनू शकतो, एलएचएस ३८४४ च्या ग्रहावर बहुधा तसाच पसरलेला आहे. भंडाऱ्याचं मॅंगनीज तसं बनू शकत नाही. त्याला समुद्र लागतो, हवा लागते आणि कोट्यवधी वर्षांची उसंत लागते. कन्या राशीतल्या त्या ग्रहाला घनता आहे, लोखंड आहे, खडक आहे, पण ५९० अंशांवर तापणाऱ्या त्या उघड्या पृष्ठभागावर असा थर साचायला पाणीच नाही.

म्हणून ‘दुसरी पृथ्वी सापडली’ हा मथळा मला अस्वस्थ करतो. एप्रिल २०२५ मध्ये के२-१८ या लाल बटूच्या ग्रहावर जीवसृष्टीचे संकेत मिळाल्याच्या बातम्या मराठीतही ठळक झळकल्या. तो ग्रह १२४ प्रकाशवर्षांवर आहे आणि लहान खडकाळ ग्रहांत मोडत नाही. केंब्रिजचे निक्कू मधुसूदन आणि सहकाऱ्यांनी एका वायूची खूण दिसते असं म्हटलं होतं आणि अजून जास्त निरीक्षणं हवीत हेही सांगितलं होतं. इतर गटांनी तीच माहिती तपासून शंका घेतल्या. शंका घेणाऱ्यांच्या बातम्या मात्र आतल्या पानावरही क्वचितच आल्या. वाचकाला अर्धीच गोष्ट कळली, आणि हे त्याच्यावर अन्याय करणारं आहे.

पूर्ण गोष्ट अशी आहे. सूर्यमालेबाहेर आजवर सहा हजारांहून जास्त ग्रह निश्चित झाले आहेत. लाल बटूंभोवतीच्या ज्या थोड्या लहान खडकाळ ग्रहांची उष्णता मोजता आली, त्यातल्या एकावरही हवा असल्याचं सर्वमान्य झालेलं नाही. ते मोजले गेलेले ग्रह बहुतेक ताऱ्याच्या फार जवळचे आणि फार तापलेले आहेत, हेही खरं. थोडे दूरचे, थोडे जड ग्रह हवा राखून असतील अशी आशा ठेवायला जागा आहे. हवा राखणारे आणि हवा गमावणारे ग्रह यांच्यातली सीमारेषा नेमकी कुठे पडते, ते शोधायला जेम्स वेबचे पाचशे तास वेगळे काढून ठेवले गेले आहेत. उत्तर पुढच्या काही वर्षांत येईल, म्हणजे आज या सभागृहात बसलेल्या आठवी-नववीच्या मुलांचं पदवीचं शिक्षण संपेपर्यंत.

त्या मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी शेवटी थोडं बोलतो. रमण विज्ञान केंद्राचं तारांगण नागपूरला आहे, एका दिवसात जाऊन येता येतं. सहल काढताना त्याला जागा द्या. खोडदला दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास दुर्बीण लोकांना बघायला खुली करतात आणि गावोगावच्या शाळांची मुलं तिथे आपले प्रयोग मांडतात. तिथे भंडारा जिल्ह्यातल्या शाळेची पाटी दिसावी अशी माझी इच्छा आहे. भौतिकशास्त्र किंवा संगणक शिकणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी हे जाणून असावं की या दुर्बिणीची जुनी निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुली होतात. आणि शिक्षकांना माझी विनंती आहे की डोंगरी बुजुर्गचा मॅंगनीजचा एक तुकडा प्रत्येक शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवा, त्याच्याखाली त्याची गोष्ट लिहून लावा, आणि परग्रहावर माणसं आहेत का असं एखाद्या मुलानं विचारलं तर आधी तो तुकडा त्याच्या हातात द्या.